गळ्यातली पिशवी : हजला जाताना काय दाखवायचं, काय झाकायचं?

हजची मंजुरी आली की घरोघरी खरेदीची यादी सुरू होते. एहरामच्या चादरी, चपला, छत्री, बिनवासाचा साबण, औषधं, थोडा सुका खाऊ. या यादीत अगदी शेवटी एक वस्तू असते : गळ्यात अडकवायची पिशवी. कुणी तिला हज बॅग म्हणतं, कुणी पाऊच. ती टूरवाल्याकडून फुकट मिळते किंवा बाजारात स्वस्तात मिळते, म्हणून तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. पण मीनात किंवा हरम शरीफच्या गर्दीत माणूस चुकला, की याच पिशवीचा आधार असतो. म्हणून आज तिच्याबद्दल जरा सविस्तर बोलू या.

या पिशवीची गरज का पडते?

एहराममधल्या पुरुषाच्या अंगावर दोन चादरी असतात. खिसा नसतो. उमरा असो की हज, तवाफचे सात फेरे, सफा-मरवाच्या सात खेपा, आणि हजमध्ये जमरातला खडे मारणं, हे सगळं करताना हात मोकळे हवेत. एका हातात दुआचं पुस्तक, दुसऱ्या हातात आईचा किंवा बायकोचा हात. मग कागद कुठे ठेवायचे? म्हणून कमरेचा पट्टा किंवा गळ्यातली पिशवी.

काही बुजुर्ग विचारतात, "एहराममध्ये शिवलेली वस्तू चालते का?" मनाई आहे ती अंगाच्या बेताने शिवलेल्या कपड्यांना, म्हणजे कुर्ता, पायजमा, बनियन अशा कपड्यांना. ज्या वस्तूला टाका आहे ती प्रत्येक वस्तू मना, असा त्याचा अर्थ नाही. पैसे ठेवायच्या कमरपट्ट्याला फिक्हच्या जुन्या किताबांत 'हिमयान' म्हणतात आणि बहुतेक उलमांनी तो जायज सांगितला आहे. आपल्याकडे घाटावरची बहुतेक मंडळी हनफी आणि कोकणातली बरीचशी शाफई. या मसल्यात दोघांनाही अडचण नाही. तरी मनात शंका राहिली तर निघण्याआधी आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून घ्यावं. तिथे गर्दीत उभं राहून वाद घालण्यापेक्षा ते बरं.

दाखवायचं वेगळं, झाकायचं वेगळं

आपल्यातले बरेच लोक या पिशवीला तिजोरी समजतात. पासपोर्ट, रियाल, घराच्या किल्ल्या, औषधं, सगळं तिच्यातच कोंबतात. पिशवी फुगते, मान दुखते, आणि नेमकं जे कार्ड दिसायला हवं तेच आत दबून जातं.

खरं तर तिची दोन कामं आहेत आणि ती वेगळी ठेवायला हवीत.

पहिलं काम दाखवायचं. हजचं ओळखपत्र, म्हणजे २०२४ च्या हजपासून सुरू झालेलं नुसुक कार्ड, बाहेरून वाचता येईल असं हवं. मीना, अरफात, मुझदलिफा इथे प्रवेशासाठी ते सोबत असावंच लागतं. म्हणून समोरचा कप्पा पारदर्शक असलेली पिशवी घ्यावी. त्या कप्प्यात कार्डाशिवाय आणखी एकच कागद ठेवावा, त्याबद्दल पुढे सांगतो.

दुसरं काम झाकायचं. पैसे आणि बँकेचं कार्ड पिशवीत नकोच. ते कमरेच्या पट्ट्यात, चादरीखाली. पासपोर्टचं म्हणाल तर हज कमिटीतून जाणाऱ्यांचे पासपोर्ट तिथे गेल्यावर साधारणपणे जमा करून घेतात आणि परतीच्या वेळी देतात. म्हणून पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स, व्हिसाची झेरॉक्स आणि दोन फोटो असा संच आतल्या बंद कप्प्यात घडी करून ठेवावा. तसाच एक संच मोठ्या बॅगेत, आणि एक घरी मुलाकडे किंवा मुलीकडे.

मोबाईलमध्ये सगळे फोटो आहेत, मग कागद कशाला, असं तरुण मंडळी म्हणतात. मोबाईलचा चार्ज संपतो, गर्दीत तो हातातून पडतो, आणि बेशुद्ध माणसाच्या मोबाईलचं लॉक कुणाला उघडता येत नाही. गळ्यातल्या कागदाला चार्जिंग लागत नाही.

प्रत्येकाचं कार्ड प्रत्येकाच्या गळ्यात

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आपल्या घरांत जुनी रीत आहे : प्रवासाला निघालं की सगळ्यांचे कागद कर्त्या पुरुषाकडे. एसटीने नांदेडला किंवा रेल्वेने अजमेरला जाताना ते चालून जातं. हजमध्ये ही रीत धोक्याची आहे.

जरा कल्पना करा. अब्बांकडे दोघांची कार्डं आहेत. तवाफमध्ये गर्दीचा रेटा आला आणि अम्मीचा हात सुटला. अब्बांकडे दोन ओळखी आहेत, अम्मीकडे एकही नाही. तिला कोकणी बोली येते, थोडी उर्दू येते. हॉटेलचं नाव आठवत नाही, इमारतीचा नंबर तर कधी पाठच केलेला नाही, कारण "हे आहेत ना सोबत." मीनात तर पांढरे तंबू सगळे एकसारखे. वजूसाठी बाहेर पडलेला शिकलासवरला माणूसही तिथे वाट चुकतो. अशा वेळी पोलीस किंवा स्वयंसेवक मदत करायला तयार असतात. पण ही बाई कोण, हिला कुठे पोहोचवायचं, हे त्यांना सांगणार कोण?

म्हणून कागद सांभाळायला दुसऱ्याकडे द्यायचे नाहीत. नवऱ्याकडे नाही, मुलाकडे नाही, ग्रुपच्या प्रमुखाकडेही नाही. अम्मीचं कार्ड अम्मीच्या गळ्यात. २०१८ पासून पंचेचाळीस वर्षांवरच्या महिलांना मेहरमशिवायही हज कमिटीतून अर्ज करता येतो. त्यांना ही सवय आपसूकच लागते. जोडीने जाणाऱ्या महिलांनीही ती लावून घ्यावी. हज कमिटीकडून हाजींना माहिती कोरलेलं स्टीलचं कडं मिळतं. ते हातात घातलं की परत घरी येईपर्यंत काढायचं नाही. आंघोळीलाही नाही, झोपतानाही नाही. पिशवी हरवू शकते, कडं सहसा हरवत नाही.

२०२४ चा हज आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला होता. सौदी सरकारने १३०१ मृत्यू झाल्याचं जाहीर केलं. त्यातले ८३ टक्के लोक परवान्याशिवाय आलेले होते. अनेक मय्यतींसोबत ओळखीचे कागदच नव्हते, म्हणून ओळख पटवायला आणि घरच्यांना कळवायला वेळ लागला. अल्लाह त्या सगळ्यांची मगफिरत करो. त्या घरांनी ते दिवस कसे काढले असतील! परवान्याशिवाय जाऊ नये हा एक धडा झालाच. दुसरा धडा आपल्यासारख्या रीतसर जाणाऱ्यांसाठी आहे : परवाना खोलीतल्या बॅगेत ठेवला तर रस्त्यात कोसळलेला माणूस अनोळखीच राहतो.

तो दुसरा कागद : काय लिहायचं, कुठल्या भाषेत?

कार्डासोबत पोस्टकार्डाएवढा एक कागद ठेवावा. त्यावर एवढ्या गोष्टी हव्यात :

१. नाव, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगमध्ये.
२. देश, पासपोर्ट नंबर आणि हज कमिटीचा कव्हर नंबर.
३. मक्का, मदिना आणि मीना इथला पत्ता. इमारतीचा नंबर, मक्तबचा नंबर, तंबूजवळच्या खांबाचा नंबर. हे तिथे पोहोचल्यावर भरायचं, म्हणून जागा रिकामी सोडावी.
४. सोबतच्या एका माणसाचा तिथे चालू असलेला मोबाईल नंबर आणि घरचा एक नंबर.
५. शुगर, बीपी, दमा, हृदयाचा आजार असेल तर तो. रोजच्या औषधांची नावं आणि रक्तगट.

भाषेबद्दल एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आमचा रोजचा वावर आहे. उर्दूची लिपी अरबीच्या जवळची, म्हणून उर्दूत लिहिलं की तिथे चालेल असं बऱ्याच जणांना वाटतं. अक्षरं जवळची असली तरी भाषा वेगळी आहे. अरबीत 'प' नाही, 'ट' नाही, 'ड' नाही. आपल्या हाताने नस्तालीकमध्ये लिहिलेलं "मेरी माँ को शुगर है" हे वाक्य अरब डॉक्टरला कळेलच असं नाही. म्हणून कागद इंग्रजीत ठसठशीत अक्षरांत लिहावा आणि जमल्यास खाली अरबीत. मदरशातले मौलाना किंवा अरबी शिकवणारे शिक्षक पाच मिनिटांत लिहून देतील. मागच्या बाजूला तीच माहिती मराठीत किंवा उर्दूत लिहावी, म्हणजे स्वतः हाजीलाही आपल्या कागदावर काय आहे ते कळेल.

पिशवी निवडताना

पट्टा रुंद आणि मऊ हवा. बारीक दोरी घामाने मानेला कापते. गर्दीत कुणाच्या हाताला पट्टा अडकला तर गळा आवळू नये, म्हणून ताण पडल्यावर सुटणारी क्लिप असलेला पट्टा चांगला. तो नसेल तर पट्टा लांब घेऊन खांद्यावरून तिरका घालावा. महिलांनी बुरख्याच्या वरून तिरका घालावा, आत नको. कार्ड दिसलं नाही तर त्याचा उपयोग काय?

नमाजचाही विचार करावा. लोंबती पिशवी रुकूत पुढे येते आणि सजद्यात कपाळाखाली जाते. तिरकी पिशवी नमाजआधी कमरेमागे सरकवता येते. सलाम फेरला की परत पुढे आणायची.

काही पिशव्यांवर काबा शरीफचं चित्र, तल्बिया किंवा आयत छापलेली असते. दिसायला सुंदर, पण ही पिशवी इस्तिंज्याला जातानाही गळ्यात असते. मीना-मुझदलिफाच्या रांगांत ती दुसऱ्याच्या हातात द्यावी लागते, आणि तिथेच ती राहून जाते. म्हणून पिशवी साधी, कोरी घ्यावी. दुआचं पुस्तक वेगळं ठेवावं.

एहराममध्ये खुशबू मना आहे. उमऱ्याहून आलेल्या शेजाऱ्याची पिशवी उसनी घेतलीत तर तिला अत्तराचा वास नाही ना, ते पाहा. कागद लॅमिनेट करून घ्यावा किंवा प्लास्टिकमध्ये घालावा. घाम आणि जमजमचं पाणी शाईला सोडत नाही.

घरीच सराव

निघण्याआधी आठ-दहा दिवस अम्मी-अब्बांना ही पिशवी घालून घरात वावरू द्या. ती घालून दोन रकात नमाज पढू द्या. कार्ड न बघता शोधता येतं का, क्लिप लावता-काढता येते का, ते पाहा. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा : चुकलात तर घाबरून चालत सुटू नका. जागेवर थांबा, गणवेशातल्या माणसाला कार्ड दाखवा आणि म्हणा, "अना मिनल हिंद," म्हणजे मी भारतातून आलोय. जास्त अरबीची गरज नाही. बाकीचं कार्ड सांगेल.

हे काम मुलांनी आणि नातवंडांनी अंगावर घ्यावं. आजीचा कागद दहावीतल्या नातीने सुवाच्य अक्षरात लिहावा, आजोबांच्या पिशवीचा पट्टा नातवाने मापात करून द्यावा. अल्लाहचे पाहुणे म्हणून जाणाऱ्या आपल्या बुजुर्गांना सुखरूप परत घरी आणण्याच्या तयारीत घरातल्या लहानांचाही वाटा असला पाहिजे. अल्लाह सगळ्यांचा हज आसान करो आणि कबूल करो. आमीन.