सामान्य बंडखोरांचा चरित्रकोश

पॅरिस कम्यूनची, म्हणजे पॅरिसमधल्या बंडखोरांच्या सरकारची, सत्ता 1871 मध्ये जेमतेम बहात्तर दिवस टिकली. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सरकारी सैन्याने शहर रस्त्यारस्त्याने परत घेतलं, हजारो लोकांना भिंतीला उभं करून गोळ्या घातल्या आणि छत्तीस हजारांहून अधिक लोकांना पकडलं. लष्करी न्यायालयांचं काम पुढे कित्येक वर्षं चाललं. पकडलेल्यांत गवंडी होते, सुतार, चांभार, रंगारी, छापखान्यातले जुळारी आणि रोजंदारीवरचे मजूर होते. सुमारे हजार स्त्रियाही होत्या. खटला उभा राहिला की कागद तयार व्हायचा. नाव, जन्मगाव, धंदा, लग्न झालं आहे का, मुलं किती, राष्ट्रीय रक्षक दल या नागरी सैन्याच्या कोणत्या पलटणीत होता, बंदूक चालवली का, शिक्षा कोणती.

हे सगळं लिहून घेणाऱ्यांना या माणसांबद्दल काडीचीही आस्था नव्हती. तरीही पॅरिसमधल्या एखाद्या गवंड्याचं नाव आज आपल्याला माहीत आहे ते मुख्यतः त्यांच्यामुळे. जगातल्या बंडांच्या आणि आंदोलनांच्या इतिहासात ही अडचण जागोजागी भेटते. पुढारी आत्मचरित्र लिहितात, भाषणं छापतात. त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्यांची नोंद राहते ती पोलिसांच्या आणि कोर्टाच्या दप्तरात. संदर्भग्रंथ तयार करणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. आरोपींच्या यादीतून त्याला माणसं परत मिळवायची असतात.

हे काम सर्वात चिकाटीने केलं ते ज्याँ मेत्रों या फ्रेंच शिक्षकाने. 1910 साली जन्मलेले मेत्रों बरीच वर्षं शाळेत शिकवत होते. फ्रान्समधल्या अराज्यवादी चळवळीवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि मग फ्रेंच कामगार चळवळीचा चरित्रकोश करायला घेतला. पहिला खंड 1964 मध्ये निघाला. 1789 च्या क्रांतीपासून सुरू झालेलं हे काम 1939 पर्यंत यायला चाळीसहून जास्त खंड लागले. मेत्रों 1987 मध्ये गेले, तेव्हा ते पुरं झालेलं नव्हतं. क्लोद पेनतिए आणि इतर सहकाऱ्यांनी ते पुढे नेलं, नंतरच्या काळाचे खंड काढले आणि 2018 च्या अखेरीस सगळा कोश इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचायला खुला केला. आज त्यात दोन लाखांच्या आसपास नोंदी आहेत. फ्रान्समध्ये या कोशाला त्याच्या कर्त्याच्या नावानेच ओळखतात.

मेत्रोंनी प्रसिद्धीची अट ठेवली नाही. एखाद्या छोट्या गावातल्या युनियनचा चिटणीस, एका संपात मालकाशी बोलणी करायला गेलेला कामगार, कम्यूनच्या पलटणीतला साधा शिपाई, यांनाही त्यांनी स्वतंत्र नोंद दिली. नोंद कधी चार ओळींचीच असते. पण त्या चार ओळी त्या माणसाच्या एकट्याच्या असतात. लेखनाचं काम त्यांनी विद्यापीठांपुरतंही ठेवलं नाही. शाळामास्तर, अभिलेखागारातले कर्मचारी आणि जुने युनियनवाले आपापल्या जिल्ह्याची माहिती गोळा करून पाठवत राहिले.

यातली सर्वात नाजूक कामगिरी म्हणजे त्या कोर्टाच्या कागदांचं वाचन. राष्ट्रीय रक्षक दलातल्या शिपायाला दिवसाला दीड फ्रँक भत्ता मिळायचा. प्रशियाच्या वेढ्यामुळे कामधंदे बंद पडलेल्या पॅरिसमध्ये त्यावर घर चालायचं. मग न्यायालयात उभा केलेला माणूस सांगायचा, साहेब, पोरांच्या पोटासाठी गेलो, राजकारणातलं मला काही कळत नाही. हे खरं असू शकतं. किंवा समोर मृत्युदंड अथवा काळं पाणी दिसत असताना शहाण्या माणसाने दिलेलं ते उत्तर असू शकतं. दुसऱ्या बाजूने पोलिस ज्याला दारुडा, बदफैली, भडकाऊ म्हणतात, तो शेजाऱ्यांच्या लेखी सरळमार्गी संसारी माणूसही निघतो. एकच जबानी दोनदा वाचावी लागते, एकदा फिर्यादीच्या बाजूने आणि एकदा जीव वाचवू पाहणाऱ्याच्या बाजूने. घाईने केलेल्या कोशात हे होत नाही. तिथे पोलिसांचा शेरा तसाच चरित्रात उतरतो आणि दीडशे वर्षांनी तो इतिहास ठरतो.

यूजेन वार्लँ आणि नाताली लमेल ही दोन नावं पाहा. दोघं पुस्तकबांधणीचं काम करणारी. वार्लँ बांधणी कामगारांच्या संपांतून पुढे आला, स्त्रियांना पुरुषांइतकी मजुरी मिळावी असं तो त्या काळी मांडत होता. 1868 मध्ये या दोघांनी इतर सोबत्यांबरोबर कामगारांसाठी एक सहकारी खाणावळ काढली. स्वस्त आणि पोटभर जेवण, आणि जेवताना चालणारी चर्चा. कम्यूनच्या धामधुमीत या खाणावळीचा उल्लेख कुणी करणार नाही, पण संघटना बांधली जाते ती अशाच ठिकाणी. 28 मे 1871 रोजी वार्लँला पकडून गोळ्या घातल्या. लमेलला कम्यूनमधल्याच लुईझ मिशेलसोबत पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर धाडलं. तिकडे पाठवलेल्यांची संख्या चार हजारांहून अधिक होती. सर्वांना माफी मिळाली ती 1880 मध्ये. चरित्रकोशाचं बळ हे आहे की खाणावळ, संप, बॅरिकेड आणि हद्दपारी एकाच आयुष्यात एकामागून एक वाचायला मिळतात.

मेत्रोंच्या कोशात सगळेच वीर नाहीत. जाक दोरिओ हा कम्युनिस्टांचा मोठा नेता पुढे नाझींचा साथीदार झाला, त्याचीही नोंद आहे. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. चळवळीचा कोश म्हणजे आरतीचं पुस्तक नव्हे. माणसं कशी आली याबरोबर ती कशी फिरली हेही कळायला हवं.

घटनांचे आणि देशांचे मोठे ज्ञानकोश वेगळ्या पद्धतीने चालतात. राजकीय क्रांत्यांचा जॅक गोल्डस्टोन यांनी संपादित केलेला कोश 1998 चा. इमॅन्युएल नेस यांच्या संपादनाखाली 2009 मध्ये निघालेल्या आठ खंडांच्या ज्ञानकोशात 1500 सालापासूनची जगभरची बंडं आणि आंदोलनं घेतली आहेत. एखाद्या उठावाची पहिली ओळख करून घ्यायला हे ग्रंथ उत्तम. मात्र क्रांती कशाला म्हणायचं हे संपादक आधी ठरवतो आणि त्या व्याख्येत न बसणारं आपोआप गळतं. हैतीचं उदाहरण यासाठी विसरू नये. 1791 मध्ये तिथल्या गुलामांनी बंड केलं, नेपोलियनच्या फौजेला हरवलं आणि 1804 मध्ये स्वतंत्र देश स्थापन केला. जगाच्या इतिहासात याला तोड नाही. तरीही युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या नामवंत इतिहासकारांनी 1950-60 च्या दशकांत क्रांतियुगावर जे जाडजूड ग्रंथ लिहिले, त्यांत हैती जवळपास नाहीच. त्रिनिदादच्या सी. एल. आर. जेम्स यांनी 1938 मध्येच त्यावर ग्रंथ लिहिलेला होता. मूळचे हैतीचे अभ्यासक मिशेल-रॉल्फ त्रुयो यांनी 1995 मध्ये या मौनाचाच इतिहास मांडला, तेव्हा कुठे चर्चा वाढली.

आपल्याकडचा महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे 1857 ते 1947 या काळातल्या हुतात्म्यांचा पाच खंडांचा कोश. 2019 मध्ये त्याचं प्रकाशन झालं. लढताना, कोठडीत किंवा फाशीवर ज्याचा जीव गेला तो हुतात्मा, अशी त्याची ढोबळ कसोटी आहे. सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन, ज्यांना 12 जानेवारी 1931 रोजी फाशी दिलं, ते या कसोटीत पूर्ण बसतात. पण तुरुंग भोगून घरी परतलेला माणूस बसत नाही. शिवाय नाव एकदा छापलं म्हणजे ते कायम राहीलच असंही नाही. मलबारच्या 1921 च्या उठावातली शेकडो नावं या कोशातून काढावीत, अशी शिफारस 2021 मध्ये झाली आणि मोठा वाद पेटला.

घरी परतलेल्यांचं काय, हा प्रश्न मुंबईच्या गिरणगावाला थेट लागू होतो. 1928 चा गिरणी कामगारांचा संप सुमारे सहा महिने चालला. 20 मार्च 1929 ला मीरत कटाच्या खटल्यात देशभर अटका झाल्या. डांगे, मिरजकर, घाटे या कम्युनिस्ट नेत्यांची नावं वाचकांना ठाऊक असतील. त्यांच्याबरोबर अर्जुन आत्माराम आळवे आणि गो. रा. कासले हे दोघे प्रत्यक्ष गिरणी कामगारही आरोपी होते. कोर्टापुढे दोघांनी निवेदनं दिली, ती खटल्याच्या कागदपत्रांत आहेत आणि गिरण्यांमधलं काम कसं चालायचं हे समजून घ्यायला इतिहासकार आजही ती वाचतात. पॅरिसमध्ये घडलं तेच इथेही घडलं. कामगाराचं म्हणणं जपलं गेलं ते त्याच्यावर खटला भरला म्हणून. ज्यांच्यावर खटला झालाच नाही त्या हजारोंचं काय? मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखतींचं पुस्तक 2004 मध्ये काढलं, तेव्हा त्यातल्या काहींना पहिल्यांदा स्वतःच्या शब्दांत बोलता आलं.

मेत्रोंच्या परंपरेत जपान, चीन, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका, अल्जीरिया, मोरोक्को यांचे खंड निघाले. मराठीला तर कोशांची परंपरा मोठी आहे. केतकरांनी ज्ञानकोश पुरा केला, सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी 1932 ते 1946 या काळात प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश सिद्ध केले. त्याच तोलामोलाचा, गिरणी कामगार, शेतमजूर, सत्याग्रही आणि मोर्चेकरी यांचा चरित्रकोश मराठीत व्हायला हवा, आणि तो जिल्ह्याजिल्ह्यातल्या लोकांनी मिळून करायला हवा. 1982 च्या गिरणी संपात उतरलेले बरेच कामगार आता सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्या घरात युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, सभेची हँडबिलं, तुरुंगातून आलेली पत्रं, संपातले फोटो असतील तर रद्दीत घालू नका. फोटोच्या मागे नावं आणि साल लिहून ठेवा. आजोबांना, मावशीला विचारा, मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि त्याची एक प्रत जवळच्या जुन्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागात नेऊन द्या.