टॉवरवरची क्रमपाळी

अंबड तालुक्यातलं अंकुशनगर हे साखर कारखान्याचं गाव. अशा गावात ‘तोड कधी?’ हा प्रश्न हंगामभर घरोघरी असतो. लागणीच्या तारखेप्रमाणे क्रमपाळी लागते. पण नुसतं गाळपच वाढवायचं म्हटलं, तर जवळचा ऊस आधी उचलणं सोयीचं. लांबच्या फडात तोवर तुरा येतो. बिनतारी ब्रॉडबँडची गेली पंचवीस वर्षं याच पेचात गेली. जाहिराती वेगाच्या झाल्या, खरं भांडण नंबराचं होतं.

२००१ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने बिनतारी ब्रॉडबँडसाठी ८०२.१६ हे मानक मंजूर केलं. बाजारात ते वायमॅक्स या नावाने आलं. वाय-फायमध्ये ज्याला वाट मोकळी दिसेल तो घुसतो. इथे ग्राहकाच्या यंत्राने मागणी नोंदवायची आणि टॉवरने वेळ वाटून द्यायची. त्यासाठी वर्ग पाडले: फोनला न मागता ठरलेला वाटा, व्हिडिओला ठरावीक अंतराने विचारणा, मोठ्या फायलींना किमान हमी आणि बाकीच्यांना उरेल ते. २००५ च्या सुधारणेत आणखी एक वर्ग आला. बोलणारा गप्प असताना त्याचा वाटा वाया जाऊ नये म्हणून. वर्ग असे बारकाईने आखले, पण वर्गातल्या वर्गात आधी कोण, हा हिशेब मात्र उपकरणं बनवणाऱ्यांवर सोडला. सगळी मेख तिथेच होती.

कारण टॉवरजवळचा फोन जो डेटा क्षणात उचलतो, त्याला शिवाराच्या टोकावरच्या घरी कितीतरी पट वेळ लागतो. सगळ्यांना सारखा डेटा द्यावा तर टॉवरचा वेळ टोकावरच संपतो. जास्तीत जास्त डेटा वाहावा तर टोक उपाशी. मधली वाट ‘प्रपोर्शनल फेअर’ची. प्रत्येकाचा आत्ताचा सिग्नल त्याला आजवर मिळालेल्या सरासरीशी ताडायचा आणि ज्याचं गुणोत्तर सरस त्याला पुढे काढायचं. न्याय आहे, पण टोकाला झुकतं माप देणारा नव्हे.

भारतात बिनतारी ब्रॉडबँडच्या स्पेक्ट्रमचा लिलाव झाला. जून २०१० मध्ये संपलेल्या या लिलावात सरकारला सुमारे ३८,५०० कोटी रुपये मिळाले. देशातली बावीसही दूरसंचार परिमंडळं जिंकणारी इन्फोटेल लगोलग रिलायन्सकडे गेली. एअरटेलने महाराष्ट्रासह चार घेतली. बीएसएनएल वायमॅक्स घेऊन खेड्यांत उतरली होती, पण या खासगी कंपन्यांनी एलटीई हे दुसरं तंत्र निवडलं आणि वायमॅक्स मागे पडलं. एप्रिल २०१२ मध्ये एअरटेलचं एलटीईवरचं फोरजी कोलकात्यात सुरू झालं, ५ सप्टेंबर २०१६ ला रिलायन्सचं जिओ आलं.

तंत्र बदललं, क्रमपाळी राहिली. एलटीईत ती दर मिलिसेकंदाला ठरते. एलटीईवरून होणाऱ्या, म्हणजे व्होल्टीईच्या कॉलला हमीचा वर्ग मिळाला. आपलं बाकीचं इंटरनेट, म्हणजे यूट्यूबपासून ऑनलाइन वर्गापर्यंत सगळं, सहसा ‘उरेल ते’च्या रांगेत. म्हणून कॉल स्वच्छ लागतो आणि त्याच फोनवर व्हिडिओ गरगरत राहतो. ग्राहक सिग्नलच्या दांड्या मोजतो. रांग त्याला दिसतच नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये घराला बिनतारी इंटरनेट देणारं जिओचं एअरफायबर आलं आणि फाइव्हजीच्या टॉवरवर मोबाइलच्या जोडीला अख्खं घर रांगेत उभं राहिलं. आता त्याच टॉवरचा राखीव हिस्सा ‘स्लाइस’ म्हणून वेगळा विकता येतो. नेट न्यूट्रॅलिटीच्या २०१८ च्या चौकटीत मजकुरावरून भेदभाव करायला मनाई आहे, विशेष सेवांना मात्र सूट आहे. पैसे भरून घेतलेला आधीचा नंबर यातल्या कुठल्या खान्यात टाकायचा, यावर वाद चालू आहे.