पाय किती टक्के?

अपघातात पाय गमावलेला भाजीवाला बसून भाजी विकू शकतो का? या प्रश्नासाठी कर्नाटकातल्या एका तरुण विक्रेत्याला थेट सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं. अपघात २००८ चा, निकाल २०१४ चा. त्याचा उजवा पाय कापावा लागला होता. न्यायालयाने भाजीचा धंदाच उलगडून दाखवला. घाऊक बाजारातून माल आणायचा, हातगाडी घेऊन गल्लोगल्ली फिरायचं. आणि एका जागी बसून विकायची म्हटली तरी भाजी तिथवर आणणार कोण? कमाईची क्षमता ८५ टक्के गेली, असं न्यायालयाने धरलं. असंघटित क्षेत्रातल्या माणसाकडे उत्पन्नाचे कागद मागू नयेत, असंही बजावलं आणि भरपाईचा दावा आधी ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने धरलेलं ३,५०० रुपयांचं मासिक उत्पन्न ६,५०० वर नेलं.

जखमींच्या दाव्यांत खरी झुंज असते ती या टक्केवारीवर. डॉक्टर दाखल्यावर अवयवाचं अपंगत्व लिहितात. भरपाई मिळते ती बुडालेल्या कमाईची. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालाने हा फरक नीट मांडला. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळपास सगळीच कमाई बुडते. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते.

हिशेब बघा. वीस वर्षांचा, स्वतंत्र धंदा करणारा, महिना १०,००० मिळवणारा मुलगा. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे पुढच्या वाढीचे ४० टक्के धरले की महिन्याचे १४,००० होतात. वर्षाचे बारा महिने आणि त्याच्या वयासाठी १८ हा गुणक, म्हणजे ३०,२४,००० रुपये. यात एक टक्का ३०,२४० रुपयांचा. पप्पू देव यादव प्रकरणात डेटा एंट्री करणाऱ्या तरुणाच्या उजव्या हाताचं अपंगत्व दाखल्यावर ८९ टक्के होतं. उच्च न्यायालयाने कमाईचं नुकसान ४५ टक्के धरलं, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ६५. आपल्या उदाहरणात या वीस टक्क्यांचे सहा लाखांवर रुपये होतात!

विमा कंपनीने डॉक्टरांची उलटतपासणी घ्यावी, यात गैर काही नाही. बनावट दावेही येतातच. पण हातावर पोट असलेल्याला ‘दुसरं काहीतरी कर’ म्हणून सांगणं फार सोपं आहे. हातगाडी ओढणाऱ्या मोहन सोनींचा डावा पाय गेला, तेव्हा त्यांनाही बैठं काम सुचवलं गेलं. पंचावन्न वर्षांच्या मजुराला असं काम देणार कोण? सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्यांचं नुकसान ९० टक्के ठरवलं.

चालकाकडे वैध लायसन्स नव्हतं म्हणून कंपनी भरपाई नाकारते, तो वाद वेगळाच. त्यात दोष चालकाचा आणि ताटकळतो जखमी. म्हणून २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून, कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल करावी, असा आदेश देता येतो.

१ एप्रिल २०२२ पासून मात्र दाव्याचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करावा लागतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. पायात रॉड घातलेला माणूस सहा महिन्यांत अनेकदा नीट उभाही राहत नाही. मग कायमचं अपंगत्व किती, हे डॉक्टर तरी कसं सांगणार? म्हणून दाखल्यासाठी थांबून राहू नये. एफआयआर, पंचनामा आणि दवाखान्याचे कागद जोडून अर्ज आधी दाखल करावा. दाखला सुनावणीत पुराव्याच्या वेळी देता येतो.