जळगावचा नंबर वन मोजला कोणी?

दिवाळीच्या तोंडावर जळगावच्या सराफ बाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर एखाद्या दुकानात तासभर बसून पाहा. जाहिरात मागायला येणारा प्रत्येक जण सांगतो, "शेठ, आपणच नंबर वन." एफएमवालेही त्याला अपवाद नाहीत. शेठ मान डोलावतात, कारण त्यांच्या डोक्यात टीव्हीचा टीआरपी असतो. कुठेतरी यंत्र बसवलेलं असणार आणि ते दर आठवड्याला आकडा सांगत असणार, असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं. रेडिओबद्दलचे निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात.

गैरसमज : रेडिओचाही टीआरपी असतो आणि तो आपल्या शहराचाही निघतो.

टीव्ही मोजणारी 'बार्क' ही संस्था रेडिओ मोजत नाही. रेडिओसाठी टॅम मीडिया रिसर्चने 2007 मध्ये 'रॅम' नावाची पद्धत सुरू केली. ती चालली मुंबई, दिल्ली, बंगळूरु आणि कोलकाता या महानगरांत. तिच्यात यंत्र नव्हतं, डायरी होती. निवडलेल्या माणसाने कोणतं स्टेशन किती वाजता ऐकलं ते वहीत टिपायचं. एका शहरात अशी माणसं सुमारे 480. जळगाव-धुळ्याचं नाव त्या यादीत नव्हतं. 'इंडियन रीडरशिप सर्व्हे'मध्ये वर्तमानपत्रांबरोबर रेडिओचेही प्रश्न असत, पण त्याचे 2019 च्या अखेरच्या तिमाहीचे आकडे आले आणि मग करोनाने घरोघर फिरणंच बंद पाडलं. ते काम पुढे वर्षानुवर्षं रखडलं.

मग शेठच्या टेबलावर ठेवलेला रंगीत कागद कसला? बहुतेक वेळा तो स्टेशनने स्वतः पैसे देऊन करून घेतलेल्या पाहणीचा असतो. त्यात खोटं काही असेलच असं नाही. पण सकाळी आठ ते दहा, वय 18 ते 25, फक्त दुचाकीवाले, असे तुकडे पाडत गेलं की कोणत्या ना कोणत्या तुकड्यात प्रत्येक जण पहिला येतो!

गैरसमज : शहर लहान, म्हणून थोड्या लोकांना विचारलं तरी पुरे.

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं. आपण खान्देशी माणसं, भाताऐवजी भरिताचं पातेलं घेऊ. मिठाचा अंदाज घ्यायला पातेलं चार माणसांचं आहे की चारशेंचं, याने फरक पडत नाही. चमचाभर भरीत दोन्हीकडे सारखंच लागतं, फक्त ते नीट घोटलेलं हवं. नमुना पाहणीचं गणित असंच आहे. 2011 च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या 4 लाख 60 हजार, धुळ्याची 3 लाख 75 हजार, तर मुंबईची सव्वा कोटीच्या घरात. तरीही सारखाच भरवसा हवा असेल, तर तिन्ही शहरांत जवळपास तेवढ्याच लोकांना विचारावं लागतं.

हिशेब करून पाहा. कसलीही निवड न करता काढलेल्या 400 माणसांपैकी 20 टक्के लोक एखादं स्टेशन ऐकत असतील, तर खरा आकडा साधारण 16 ते 24 च्या दरम्यान कुठेही असू शकतो. 100 जणांनाच विचारलं, तर तो 12 ते 28 इतका सैल होतो. म्हणजे शंभर जणांच्या पाहणीत एकाला 20 आणि दुसऱ्याला 25 टक्के मिळाले, तर जिंकलं कोण? सांगता येत नाही. पुढच्या महिन्यात हे दोन आकडे उलटले, तरी शहरात काहीच बदललेलं नसू शकतं. मोजणी करणाऱ्या कंपन्या इकडे का फिरकत नाहीत, याचं कारणही यातच आहे. मोजणीचा खर्च मुंबईएवढा आणि जाहिरातीची उलाढाल तिच्या पासंगालाही न पुरणारी.

राहिला प्रश्न घोटण्याचा. गोलाणी मार्केटच्या दारात उभं राहून विचारलेल्या पाहणीत दुपारी घरी रेडिओ लावणारी बाई येत नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत आकाशवाणी लावून बसलेला शेतकरी तर नाहीच येत. जळगाव आकाशवाणी मध्यम लहरींवर, 963 किलोहर्ट्झवर बोलत आली आहे. या लहरी जमिनीला धरून दूरवर जातात, एफएमचा आवाज मात्र शहरापासून लांब गेलं की विरतो. शहरातल्या शहरात काढलेल्या यादीत आकाशवाणी तळाशी दिसली, तर तो मोजणाऱ्याच्या कुंपणाचा दोष आहे.

गैरसमज : आकडा घसरला म्हणजे श्रोते पळाले.

कधी श्रोते पळतात, कधी फक्त फूटपट्टी बदलते. अमेरिकेत 2007 पासून मोठ्या शहरांत डायरीऐवजी अंगावर बाळगायचं छोटं यंत्र आलं. त्यातून दिसलं की लोक वहीत लिहीत होते त्यापेक्षा जास्त स्टेशनं त्यांच्या कानावर पडतात, पण प्रत्येक स्टेशन ते थोडाच वेळ ऐकतात. डायरीत माणूस आठवलेलं नाव लिहितो आणि सवयीचं नाव जरा सढळ हाताने लिहितो. तिथेच ही मोजणी करणाऱ्या नीलसन कंपनीने जानेवारी 2025 पासून नियम बदलला. पूर्वी पाव तासात पाच मिनिटं ऐकलं तर नोंद होई, आता तीन मिनिटं पुरतात. एकही नवा श्रोता न मिळवता आकडे फुगले.

शिवाय 'आकडा' म्हणजे नेमका कोणता? एक स्टेशन 100 जण दहा-दहा मिनिटं ऐकतात, दुसरं 20 जण तासभर. पहिल्याची पोहोच पाचपट, पण ऐकलेली मिनिटं पहिल्याची 1000 आणि दुसऱ्याची 1200. दोघंही खरं बोलून स्वतःला पहिलं म्हणवू शकतात.

गैरसमज : मेसेज जास्त, म्हणजे श्रोते जास्त.

असं असतं, तर झुमरी तलैया हे देशातलं सर्वांत मोठं शहर ठरलं असतं. फर्माईशीच्या पोस्टकार्डांनी ते गाव देशभर माहीत केलं, पण कार्डं लिहिणारे हौशी ठरावीकच असत. आजचे व्हॉट्सॲप मेसेज म्हणजे तीच पोस्टकार्डं. मुकाट्याने ऐकणारे त्यात कधीच नसतात.

गैरसमज : रेटिंगवरच स्टेशन जगतं.

आपल्याकडे तरी नाही. मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती बऱ्याचदा मुंबईत, अनेक शहरांच्या गठ्ठ्यात विकल्या जातात. त्या गठ्ठ्यात जळगाव-धुळे आपोआप येतात. सरकारी जाहिरातींचा पायाभूत दर 2023 मध्ये दहा सेकंदांना 52 रुपयांवरून 74 रुपये झाला, तो वाढला महागाई निर्देशांकावरून. बाकीची गाडी इथल्याच सराफांवर, शोरूमवर आणि क्लासेसवर चालते.

म्हणून शेठ, यंदा कागद समोर आला की चहा मागवा आणि विचारा : किती जणांना विचारलं, कुठे उभं राहून विचारलं आणि पाहणीचे पैसे कोणी दिले? उत्तर आलं नाही, तर जाहिरातीत 'रेडिओवर ऐकून आलो' सांगणाऱ्याला सूट द्या आणि गल्ल्याशेजारी एक वही ठेवा. महिनाभराने तुमच्या दुकानापुरता तरी खरा आकडा तुमच्याकडे असेल.