लॅमिनेट फ्लोअरिंग: रंग नंतर दाखवा, आधी जमीन बघा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण लॅमिनेट फ्लोअरिंगचे सॅम्पल बघितले. पण सगळा वेळ रंगांतच गेला, म्हणून धंद्याच्या दृष्टीने जो खरा मुद्दा आहे तो इथे लिहितोय. जळगाव-धुळ्यात या लाइनमध्ये उतरायचं असेल, तर कोणतं डिझाइन खपतं याच्या आधी कोणत्या खोलीत लॅमिनेट टिकतं हे कळायला हवं. आपली शहरं छोटी आहेत. एका घरातली फरशी फुगली की तिची बातमी अख्ख्या कॉलनीत फिरते, आणि त्या कॉलनीतून परत फोन येत नाही.

लॅमिनेट म्हणजे लाकूड नाही. लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड (एचडीएफ), त्यावर लाकडाचा फोटो छापलेला कागद, आणि कागदावर मेलामाइनचा कडक पारदर्शक थर. 1977 मध्ये स्वीडनच्या पेर्स्टॉर्प कंपनीने हे काढलं, पुढे तेच ‘पर्गो’ नावाने जगभर गेलं. वरचा थर ओरखडे झेलतो, सांडलेला चहा लगेच पुसला तर काही होत नाही. पण सांध्यातून पाणी आत गेलं की आतला बोर्ड फुगतो, आणि फुगलेला बोर्ड वाळला तरी पहिल्यासारखा बसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, खान्देशात पाऊस तो किती? अहो, पण कूलर आहे ना! मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, घराघरात डेझर्ट कूलर. कूलर भरताना पाणी सांडतं, खिडकीखाली ओघळ येतो, तो दिवसभर तसाच राहतो. शिवाय आपल्याकडे दिवाळीला फरशी बादलीने धुतात. शहाबादी आणि कोट्यावर हे चाललं, लॅमिनेटवर नाही चालणार. म्हणून गिऱ्हाईक आलं की पहिले तीन प्रश्न: ताई, कूलर कुठे ठेवता? फरशी धुता की पुसता? खोली तळमजल्यावर आहे की वर? वरच्या मजल्यावरची बेडरूम असेल तर निर्धास्त द्या. किचन, बाथरूमसमोरचा पॅसेज आणि देवघर असेल तर दुसरा माल दाखवा.

तळघराचं जरा सविस्तर सांगतो, कारण चौकशी तिथूनच जास्त येते. मार्केटमधले तळघरातले गाळे, क्लासेस, जिम, बंगल्याखालची एखादी खोली. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. पाऊस थांबला तरी तो ओलावा भिंतीतून आणि कोब्यातून आत येत राहतो. तपासायची पद्धत सोपी आहे. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिकचा कागद जमिनीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. खाली थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला, तर लॅमिनेट द्यायचं नाही. पण हीच तपासणी मे महिन्यात केली तर तळघर कोरडंच दिसणार! म्हणून भिंतीचा खालचा दीड-दोन फूट भाग बघा. पांढरा खार आलाय, रंगाचे पोपडे सुटलेत? शेजारच्या गाळेवाल्याला विचारा, श्रावणात इथे काय होतं? तो खरं सांगतो, त्याला काही विकायचं नसतं.

ओल असेल तर एसपीसी सुचवा. दगडाची भुकटी आणि पीव्हीसीचं असतं, पाण्याने फुगत नाही, आणि लाकडाची डिझाइनं त्यातही मिळतात. मात्र पाणी उघड झिरपत असेल तर आधी वॉटरप्रूफिंग. नाहीतर पाणी खाली साठून वास सुटेल.

दुसरी गोष्ट सीझनची. आखाजीच्या आसपास वास्तुशांती आणि लग्नं असतात, ऑर्डरी तेव्हाच येतात. त्या वेळी हवा एकदम कोरडी, बोर्ड आकसलेला. फिटरने तो भिंतीला टेकवून बसवला की पावसाळ्यात फुगायला जागाच नाही, मधोमध उंचवटा येतो. चारही भिंतींना 10 मिलिमीटर फट सोडायलाच लावा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. बॉक्स बसवण्याआधी 48 तास त्याच खोलीत आडवे ठेवा. 8 मिलिमीटरचा बोर्ड आणि खालचा फोम मिळून फरशी साधारण सेंटीमीटरभर उचलली जाते, म्हणजे दरवाजा खालून तासावा लागेल. हे आधीच सांगितलं तर तो हिशोबाचा भाग असतो, नंतर सांगितलं तर भांडणाचा.

आता डिझाइन. सातपुड्याच्या सागाचं फर्निचर बघत मोठे झालेले आपले लोक सागवानी रंगावर लगेच हात ठेवतात. ठेवू द्या, तो चालतो. गडद वेंगे आणि चकचकीत फिनिश शोरूममध्ये भारी दिसतात, पण उन्हाळ्यातली धूळ त्यावर तासाभरात उठून दिसते. एकदम पांढुरक्या ओकवर काळ्या मातीचे पाय उमटतात. मधला तपकिरी किंवा मध्यम ओक, मॅट फिनिश, हलकी लाकडी रेघ: माझ्या मते आपल्या भागात सत्तर टक्के भर यावर द्या. लहान खोलीत फिकट शेड आणि पट्ट्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने लावा, सांधे कमी दिसतात. बॉक्सवर एसी रेटिंग असतं: घराला एसी3 पुरतं, दुकान-ऑफिसला एसी4 द्या.

तिरकस किंवा हेरिंगबोन डिझाइन सांगितलं तर दर लावताना सावध. 12 बाय 14 ची खोली म्हणजे 168 चौरस फूट. सरळ बसवताना 8 टक्के वेस्टेज धरलं तर 181, बॉक्स 20.4 चौरस फुटांचा असेल तर 9 बॉक्स. तिरकसला 15 टक्के धरा, 193 होतात, म्हणजे 10 बॉक्स. मजुरीही वाढते. सरळ कामाचा दर सांगून तिरकस काम घेतलं, तर तो दहावा बॉक्स तुमच्या खिशातून जातो.

सुरुवातीला स्टॉक भरू नका. पाच-सहा शेडचे सॅम्पल ठेवा, ऑर्डरवर माल मागवा, आणि एका कामाचे सगळे बॉक्स एकाच बॅचचे घ्या, शेड थोडी बदलते. बिलावर तीन ओळी मराठीत छापून घ्या: पाणी टाकून धुऊ नये, पिळलेल्या फडक्याने पुसावे, कूलरखाली ट्रे ठेवावा. गिऱ्हाइकाची सही त्याखाली घ्या. फिटरला पैसे देण्याआधी चारही कोपऱ्यांतली फट स्वतः बघा, स्कर्टिंग ठोकायच्या आधी.