घोड्यांच्या नाकासाठी बांधलेली इमारत

घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही, हे माहीत आहे तुम्हाला? सर्दीनं नाक चोंदलं की आपण तोंड उघडून काम भागवतो. घोड्याला ती सोयच नाही. कितीही धाप लागू दे, हवा आत जाणार ती नाकातूनच. आता असे वीस घोडे एका छपराखाली रात्रभर बांधले आहेत, अशी कल्पना करा. एकेकाचं वजन चारपाचशे किलो. एकेकाची दिवसाची लीद वीस किलोच्या आसपास आणि वर बादलीभर मूत. त्या मुतावर जिवाणू तुटून पडतात आणि अमोनिया सुटतो. डोळ्यांना झोंबणारा, घसा खवखवणारा वायू! सकाळपर्यंत काय हाल होतील त्या वीस नाकांचे?

इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ या वर्षांत, गावाकडच्या बड्या जमीनदारांपुढे हाच प्रश्न होता. शेतं, कुरणं, रानं अशी अफाट जमीन, मध्ये मालकाचा वाडा आणि वाड्याशेजारी पागा. स्टेशनवरून पाहुणे आणायचे तर घोडागाडी, शिकारीला जायचं तर घोडा. त्यामुळे पागा बांधताना हात आखडता घेत नसत. डेव्हन परगण्यातल्या आर्लिंग्टन कोर्ट या वाड्याची पागा १८६४ सालची आहे. आज तिथे घोडागाड्यांचं संग्रहालय आहे. पण अशा पागेत शिरल्यावर गाड्या बघायच्या आधी मान वर करा.

अशा कितीतरी पागांच्या छपराच्या कण्यावर छोटेसे लाकडी मनोरे दिसतात. शोभेचे वाटतात, पण त्यांच्या बाजू नीट पाहा. तिथे भिंत नसतेच, एकाखाली एक तिरक्या फळ्या असतात. पाऊस आत येत नाही, हवा मात्र बाहेर जाते. का जाते? घोड्यांच्या अंगाच्या उबेनं आतली हवा गरम होते, गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि जाताना श्वासाची वाफ आणि अमोनिया सोबत घेऊन मनोऱ्यातून निघून जाते. तिची जागा घ्यायला बाहेरून ताजी हवा येते. पंखा नाही, वीज नाही. यंत्र चालवायचं इंधन म्हणजे घोड्याची ऊब! मला या इमारतींमधली सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

पण थंडीच्या दिवसांत हा गार झोत घामेजलेल्या घोड्याच्या पाठीवर आला तर? म्हणून खिडक्या उंचावर, आणि त्यांच्या काचा खालच्या कडेवर बिजागरी लावून वरून आत झुकतील अशा बसवलेल्या. आत येणारी हवा काचेवर आपटून आधी छताकडे वळते, मग हळूहळू खाली उतरते.

आता खाली पाहा. पायाखाली निळसर काळ्या विटा, आणि त्यांवर चॉकलेटच्या वडीवर असतात तशा खाचा. स्टॅफर्डशर भागातली लोहयुक्त माती भट्टीत खूप तापवायची आणि शेवटी प्राणवायू कमी करायचा. लाल व्हायची ती वीट निळी होते आणि इतकी घट्ट होते की पाणी जवळजवळ शोषतच नाही. मूत मुरत नाही, खाचांतून वाहत नालीत जातं. शिवाय त्याच खाचांमुळे लोखंडी नाल ठोकलेला खूर घसरत नाही.

बहुतेक घोडे अरुंद ठाणात, भिंतीकडे तोंड करून बांधलेले असत. घोडा गुडघे जणू कुलूपबंद करून उभ्यानं डुलकी घेऊ शकतो, म्हणून तेवढ्या जागेत भागत असे. पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. त्यामुळे आजारी घोड्यांना आणि गाभण घोड्यांना फिरता येईल, लोळता येईल अशा मोकळ्या खोल्या देत. दिवसभराच्या दौडीनं थकलेल्या शिकारी घोड्यांचीही सोय तिथेच.

गाड्या मात्र घोड्यांजवळ ठेवायच्या नाहीत, हा नियम कडक. गाडीखाना वेगळा, मध्ये पक्की भिंत. अमोनियानं गाडीचं चकचकीत व्हार्निश निस्तेज होतं आणि साजाच्या पितळी कड्या काळवंडतात. लगाम, खोगिरं, पट्टे यांचीही वेगळी खोली असे आणि तिथे शेगडी पेटती ठेवत, नाहीतर इंग्लंडच्या दमट हवेत कातड्यावर बुरशी धरते.

मग मोटारी आल्या आणि पागा रिकाम्या झाल्या. काहींत लोक राहायला गेले. बकिंगहॅमशरमधल्या वॉडेस्डन मॅनर या वाड्याच्या पागेत आता कॅफे आहे आणि तिथल्या गाडीखान्यात कलाप्रदर्शनं भरतात. आर्लिंग्टन कोर्ट १९४९ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आलं. १९६४ मध्ये ब्यूटचे मार्क्विस या उमरावांनी संस्थेला आठ घोडागाड्या भेट दिल्या आणि तिथला संग्रह वाढत चाळिसाच्या पुढे गेला.

आणि इथेच खरी गंमत होते. घोड्यांना हवी होती सतत खेळती हवा आणि भरपूर उजेड. जुन्या गाड्यांना नेमकं उलटं हवं. उन्हानं गादीचं रेशीम विटतं आणि विरतं. हवा कोरडी पडली की लाकडी चाकांना भेगा जातात, दमट झाली की चामड्यावर बुरशी येते, लोकरी अस्तरावर कसर टपलेली असतेच. जी इमारत मोकळा श्वास घेण्यासाठी बांधली, तिथे आता उजेड आणि दमटपणा मोजून मापून ठेवावा लागतो. गाड्या सांभाळणाऱ्यांना आज जी काळजी घ्यावी लागते, ती दीडशे वर्षांपूर्वी खोगिरांच्या खोलीत शेगडी पेटवणाऱ्या मोतद्दाराला चांगलीच ओळखीची वाटली असती.