इवल्या जिवांचं अन्न, लेखांक ७ : एका ग्रॅमचा हिशेब

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बाळाला साधारण चौतिसाव्या आठवड्यापर्यंत जमत नाही, म्हणून फार आधी जन्मलेल्या बाळाला नळीने दूध द्यावं लागतं, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. आज त्या नळीतून आणि शेजारच्या सलाईनमधून जे जातं त्यातल्या एकाच घटकाबद्दल: प्रथिनं, आणि ती ज्यांची बनतात ती अमिनो आम्लं.

नऊशे ग्रॅमचं बाळ घेऊ. आईच्या पोटात नाळेतून त्याला अमिनो आम्लांचा अखंड पुरवठा होता. नाळ कापली की तो त्याच क्षणी थांबतो. अशा बाळाला नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं, तर ते स्वतःचेच स्नायू मोडून गरज भागवतं आणि दिवसाला किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास प्रथिन गमावतं. पोटात राहिलं असतं तर त्याच दिवसांत त्याने रोज साधारण दोन ग्रॅम कमावलं असतं. तूट ही अशी दोन्ही बाजूंनी वाढते.

तरीही कित्येक वर्षं डॉक्टर पहिले काही दिवस अमिनो आम्लं द्यायला कचरत. त्याला कारण होतं. १९७०च्या दशकातल्या द्रावणांमुळे बाळांच्या रक्तातलं आम्ल आणि अमोनिया वाढत असे. पुढे द्रावणं सुधारली, चाचण्या झाल्या आणि जन्मल्या दिवसापासूनच ती देण्याची पद्धत रुळली. २०१८च्या युरोपीय मार्गदर्शिकेप्रमाणे पहिल्या दिवशी किलोमागे किमान दीड ग्रॅम आणि दुसऱ्या दिवसापासून अडीच ते साडेतीन ग्रॅम द्यायचं असतं. आपल्या बाळासाठी पहिल्या दिवसाचे होतात १.३५ ग्रॅम, म्हणजे दहा टक्क्यांच्या द्रावणाचे साडेतेरा मिली. तेही चोवीस तासांत पुरवून. सिरिंज पंपावर आकडा दिसतो तासाला जेमतेम अर्ध्या मिलीचा. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर मात्रा दहापट होते, म्हणून हे आकडे पुन्हा पुन्हा ताडून पाहणाऱ्या सिस्टरांचं काम फार मोलाचं आहे.

मात्रेबरोबर मिश्रणही महत्त्वाचं. मोठ्या माणसाचं यकृत काही अमिनो आम्लं स्वतः तयार करतं. कोवळ्या यकृताला ते नीट जमत नाही. सिस्टीन तयार करणारं विकर त्यात फारच कमी असतं. टायरोसीनचीही ओढाताण असते. म्हणून मोठ्यांसाठीचं द्रावण या बाळांना चालत नाही, त्यांचं वेगळं असतं. शिवाय सोबत पुरेसं ग्लुकोज आणि स्निग्ध पदार्थ नसले, तर महागामोलाची अमिनो आम्लं सागवान चुलीत घालावं तशी नुसती इंधन म्हणून जळून जातात.

बाळ जरा सावरलं की आईच्या दुधावर येतं. दिवसाला किलोमागे १६० मिली धरले तर आपल्या बाळाचं दिवसभराचं दूध होतं १४४ मिली, दर दोन तासांनी बारा मिली. आईच्या परिपक्व दुधात शंभर मिलीला एक ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं. म्हणजे मिळाले दीड ग्रॅमहून थोडे कमी, आणि गरज आहे तीन ग्रॅमच्या वर. दिवस भरायच्या आधी बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीचे काही आठवडे प्रथिन जास्त असतं, पण तेही पुरत नाही. मातृदुग्ध पेढीतल्या दुधात तर ते बहुधा आणखी कमी, कारण दान करणाऱ्या आईचं बाळ बरेचदा मोठं झालेलं असतं. म्हणून दुधात मोजून फॉर्टिफायर, म्हणजे प्रथिन वाढवणारं पूरक, मिसळतात. यात आईच्या दुधाला काही कमीपणा येत नाही. ते दूध दिवस भरलेल्या बाळासाठी बनलेलं असतं, आणि आतड्याला गंभीर इजा होण्यापासून या बाळांना तेच सगळ्यात जास्त वाचवतं. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी उभी केली, ती यासाठीच.

मग गरज एवढी आहे तर थोडं जास्तच दिलं तर? हा प्रश्न न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या आठ अतिदक्षता विभागांनी प्रत्यक्ष तपासला. हजार ग्रॅमहून कमी वजनाची ४३४ बाळं. निम्म्यांना नेहमीच्या पोषणासोबत पहिले पाच दिवस रोज एक ग्रॅम अमिनो आम्लं जादा, उरलेल्यांना त्याऐवजी नुसतं सलाईन. २०२२ साली निकाल प्रसिद्ध झाला. दोन वर्षांच्या वयाला जिवंत आणि मेंदूच्या अपंगत्वाविना असलेली मुलं जादा गटात ४७.८ टक्के, दुसऱ्या गटात ४९.८ टक्के. फायदा शून्य. उलट मध्यम ते तीव्र अपंगत्व जादा गटात १६.६ टक्के मुलांत दिसलं, दुसऱ्यात ८.९. हा दुसरा आकडा चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता, त्यामुळे त्यावरून ठाम निष्कर्ष काढू नये. पण जादा गटात रक्तातलं फॉस्फेट घसरण्याचा त्रासही अधिक दिसला. पेशी बांधकामाला लागल्या की रक्तातलं फॉस्फेट ओढून घेतात, म्हणून नवजाततज्ज्ञ आता त्यावर बारीक लक्ष ठेवतात.

माझ्या मते या चाचणीचं खरं बळ तिने दोन वर्षं वाट पाहिली यात आहे. पहिल्या आठवड्यातल्या एका ग्रॅमचा निकाल त्या आठवड्यातल्या वजनकाट्यावर लागत नाही.

ही वाट पाहण्याचं काम पुण्याने फार आधी केलं आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला आणि तो थेट अठरा वर्षांपर्यंत नेला. बाराव्या वर्षी बहुतेक मुलं शाळेत जात होती, बुद्ध्यंकही सर्वसाधारण मर्यादेत होता. पण लिहिताना हात अडणं आणि गणितात मागे पडणं त्यांच्यात जास्त होतं. अवधीआधी जन्मलेली आणि पोटातही नीट न वाढलेली मुलं सगळ्यांत मागे होती. याला एकटी प्रथिनं कारण नाहीत. पण भूक जन्माआधीच सुरू झालेली असू शकते, हे त्यातून दिसतं.

त्याच केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दुसरी बाजू दाखवली. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोंची. आपली बाळं हडकुळी, पण कमी होते ते मुख्यतः स्नायू. चरबी त्या मानाने टिकून होती. आणि केईएममध्येच आठ वर्षांच्या मुलांत दिसलं, की जन्मताना लहान आणि पुढे भराभर मोठी झालेली मुलंच इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देत होती. बाळसं धरलं की घरात आनंद होतो, तो स्वाभाविकच आहे. पण वजनासोबत लांबी आणि डोक्याचा घेरही वाढतोय ना, हे विचारायला हवं.

असं बाळ घरी आणलं असेल तर बोंडल्यातून गुटी, मध किंवा बाजारातली प्रोटीन पावडर अजिबात देऊ नका. फॉर्टिफायर कधी बंद करायचा ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. मूल छान हसतं-खेळतं झालं म्हणून तपासणीच्या तारखा चुकवू नका, शाळेत घातल्यावरही नाही. आणि एखाद्या आईला स्वतःच्या बाळाला पुरून उरेल इतकं दूध येत असेल, तर तिने जवळच्या मातृदुग्ध पेढीत जरूर चौकशी करावी.